दूरचा डॉक्टर आणि जवळची नर्सबाई



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी ‘हृदयविकाराची दूरस्थ तपासणी’ असे भारदस्त नाव कळविले होते. ते वाचून एक स्नेही म्हणाले, “म्हणजे यंत्रावर बोलणार तर!” मी त्यांना म्हटले, यंत्रावर बोलावयाचे तर दहा मिनिटे पुष्कळ झाली. यंत्र कसे चालते हे समजावयास सोपे आहे. परंतु धडधाकट यंत्र, वीज असताना, कागद असताना, कपाटात का पडून राहते, हे समजून घ्यावयास सबंध संध्याकाळ पुरावयाची नाही. तेव्हा नाव बदलले आणि त्यात नर्सबाईंना आणले. आज मुख्यतः त्यांच्याबद्दलच बोलणार आहे.

आधी एक चित्र डोळ्यांपुढे आणा. हे कल्पनेतले आहे. पण आपल्या किनारपट्टीवर राहणाऱ्याला ते परके वाटू नये. आषाढातली रात्र आहे. तळाशिलसारखा गाव, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. घरात साठीची एक बाई आणि तिची सून. मुलगा मुंबईला. रात्री दोन वाजता बाईंना घाम सुटतो, छातीत दडपल्यासारखे होते, डावा खांदा भरून येतो. सून घाबरते. सासूबाई म्हणतात, “काय नाय गो, पित्त झाला असतला. सकाळी बघूया.” मग ओवा होतो, सोडा होतो, लिंबू होते. सकाळी बरे वाटत नाही म्हणून कोणाच्या तरी रिक्षातून त्या आरोग्य केंद्रात येतात. डॉक्टर दुसऱ्या कामासाठी बाहेर गेलेले आहेत. समोर आहे ती नर्सबाई. आता तिने काय करावयाचे? ‘पित्ताची गोळी घ्या’ म्हणून घरी पाठवावयाचे, की तडक मोठ्या रुग्णालयाची वाट दाखवावयाची? आपला आजचा सगळा विषय या अर्ध्या तासात सामावलेला आहे.

हे चित्र सिंधुदुर्गात अधिक वेळा दिसावे याला कारणे आहेत. आपला जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीपासून वेगळा झाला. २००१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ८ लाख ६९ हजार होती; २०११ मध्ये ती सुमारे साडेआठ लाखांवर आली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १०३६. सबंध देशाची लोकसंख्या वाढत असताना आपली घटली, आणि घरात राहिले कोण, हे त्या आकड्यांतच उमटले आहे. चाकरमानी मुंबईस गेला; मागे राहिली ती बहुधा आई, बायको आणि वडीलधारी माणसे. म्हणजे ज्या वयात हृदय कुरकुरू लागते, त्या वयाची माणसे येथे आणि त्यांना उचलून नेणारे हात मुंबईत! गणपतीला आणि होळीला घरे भरतात खरी, पण हृदयविकार सणवार पाहून येत नाही.

आता यंत्राकडे येऊ. ज्याला आपण ‘ईसीजी’ किंवा ‘कार्डिओग्राम’ म्हणतो, तो हृदयाच्या विजेचा आलेख होय. हृदयाचा स्नायू आकुंचन पावण्यापूर्वी त्यातून अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह पसरतो. त्याचा माग कातडीवरून लागू शकतो. हातापायांना चार आणि छातीवर सहा अशा दहा चकत्या लावतात, आणि त्यांच्या जोडण्यांमधून बारा रेघा मिळतात. बारा कशाला, एक का पुरत नाही? आपण सिंधुदुर्ग किल्ला धक्क्यावरून पाहतो तेव्हा त्याची एक बाजू दिसते. दांडीच्या किनाऱ्यावरून दुसरी. आणि होडीतून वळसा घातला तर समुद्राकडची तटबंदी दिसते. तट मागल्या अंगाला ढासळला असेल तर धक्क्यावर उभे राहून कितीही निरखले तरी कळावयाचे नाही. हृदयाचेही तसेच आहे. त्याच्या कोणत्या भिंतीला रक्त पोचत नाही, हे त्या त्या बाजूने पाहणाऱ्या रेघांतच दिसते.

हे यंत्र उपयोगात आणले ते हॉलंडमधील लायडन येथील विलेम आइन्थोवेन या प्राध्यापकांनी, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी. त्यांचे यंत्र पावणेतीनशे किलोच्या आसपास वजनाचे होते, चालवावयास पाच माणसे लागत, आणि रोग्याला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. एवढे धूड रुग्णालयात कसे न्यावयाचे? तेव्हा आइन्थोवेन यांनी ते प्रयोगशाळेतच ठेवले आणि दीड किलोमीटर अंतरावरच्या रुग्णालयातील रोग्याच्या हृदयाची स्पंदने टेलिफोनच्या तारेने आणविली! ही गोष्ट १९०५ सालची. याचा अर्थ असा की हृदयाची दूरून तपासणी ही काल-परवाची टूम नव्हे. कार्डिओग्राम पुरता बाळसे धरण्यापूर्वीच तो तारेवरून प्रवास करू लागला होता. आइन्थोवेन यांना पुढे १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आज ते पावणेतीनशे किलोचे यंत्र तळहातावर मावते. मुंबईजवळ तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात धरता येईल असे, मोबाईल फोनला जोडून बाराही रेघा पाठविणारे यंत्र बनविले आहे. खाजगी कंपन्यांचीही कित्येक यंत्रे बाजारात आहेत. नर्सबाईने चकत्या लावावयाच्या, बटण दाबावयाचे, आलेख फोनवरून दूरच्या तज्ज्ञाकडे जावयाचा, आणि काही मिनिटांत उत्तर यावयाचे, अशी ही सोय.

पण एवढी घाई कशासाठी, असे कोणी विचारील. हृदयविकाराचा जो मोठा झटका येतो त्यात हृदयाला रक्त पुरविणारी एखादी रोहिणी गुठळीने बंद होते आणि तिच्या पलीकडचा स्नायू मरू लागतो. गुठळी विरघळविणारी औषधे आहेत. त्यांचा लाभ वेळेवर किती अवलंबून असतो याचा हिशोब १९९६ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून मांडला गेला. दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या तासात औषध मिळाले तर हजार रोग्यांमागे सुमारे ६५ जीव जास्त वाचतात. दुसऱ्या तासात ३७. तीन ते सहा तासांच्या दरम्यान २९. आणि बारा तासांनंतर फक्त ९. आता आपल्या मघाच्या बाईंचा हिशोब करा. दोनला दुखणे सुरू झाले, सकाळी आठला त्या केंद्रात आल्या. ६५ चे २९ही राहिले नाहीत, ते ओवा आणि सोडा यांच्यापायी.

शिवाय एक नियम वैद्यकात सर्वमान्य आहे. फुगा घालून रोहिणी उघडण्याची सोय दोन तासांत गाठता येत नसेल, तर जेथे असाल तेथेच आधी गुठळी विरघळविणारे औषध द्यावे आणि मग रोग्याला पुढे न्यावे. मालवणपासून गोव्यातले बांबोळीचे रुग्णालय सुमारे शंभर किलोमीटर. महामार्ग आता रुंद झाला आहे. पण महामार्गापर्यंत पोचावयाचे कसे, हा प्रश्न देवबाग-तळाशिलच्या माणसाला अजून आहेच. म्हणून निदान जवळ झाले पाहिजे. आणि आलेख वाचणारे तज्ज्ञ जवळ नाहीत, म्हणून आलेख दूर गेला पाहिजे. हृदयाच्या दूरस्थ तपासणीमागचा विचार तो एवढाच.

हा विचार आपल्या देशात रुजविण्याचे प्रयत्न पंचवीस वर्षे चालले आहेत. २००० साली आंध्रमधील अरगोंडा या खेड्यातील रुग्णालय मोठ्या रुग्णालयाशी जोडले गेले आणि त्याचा गाजावाजा झाला. पुढे इस्रोने उपग्रहाच्या साहाय्याने दूरची रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडली. महाराष्ट्रात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाशी जी जिल्हा रुग्णालये प्रथम जोडली गेली त्यांत आपल्या सिंधुदुर्गाचेही नाव होते. तामिळनाडूत या कामाची शिस्तशीर मोजणी झाली. लहान रुग्णालयांत आलेख काढावयाचा, तेथेच औषध द्यावयाचे, नंतर मोठ्या रुग्णालयात न्यावयाचे, अशी साखळी तेथे बांधली. २४२० रोग्यांवरचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. साखळी बांधण्यापूर्वी झटक्यानंतर वर्षभरात शंभरातले १७.६ रोगी दगावत, ते प्रमाण १४.२ वर आले. आपल्या शेजारच्या गोव्याने २०१८-१९ च्या सुमारास असाच उपक्रम हाती घेतला. गोव्याच्या आरोग्य केंद्रांत काढलेला आलेख तज्ज्ञांकडे जातो, निदान पक्के झाले की महागडे इंजेक्शन तेथल्या तेथे विनामूल्य दिले जाते आणि रोगी बांबोळीकडे निघतो. महाराष्ट्र शासनानेही २०२१ च्या सुमारास काही जिल्ह्यांत ही पद्धत आणली.

दक्षिणेला मंगळूरचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पद्मनाभ कामत यांची रीत मला विशेष वाटते. २०१८ पासून त्यांनी खेड्यापाड्यांतील आरोग्य केंद्रांना ईसीजी यंत्रे मिळवून दिली आणि तेथील डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर एकत्र केले. खेड्यातला डॉक्टर आलेखाचा फोटो टाकतो आणि शहरातला तज्ज्ञ उत्तर देतो. नवा संगणक नाही, नवे प्रशिक्षण केंद्र नाही. जो फोन खिशात आहे आणि ज्यावर आपण सुप्रभातीची फुले पाठवितो, त्याच फोनवर काम भागते. ही योजना लोकांनी चटकन का उचलली, याचे उत्तर तेथेच आहे.

आणि येथून आपला खरा विषय सुरू होतो.

नवे साधन माणसे का स्वीकारतात यावर पुष्कळ संशोधन झाले आहे. फ्रेड डेव्हिस या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये दोन साध्या कसोट्या सांगितल्या. हे साधन मला उपयोगी पडेल काय, आणि ते वापरावयास सोपे आहे काय? पुढे २००३ मध्ये त्याने आणि इतरांनी मिळून त्यात आणखी दोन घातल्या: माझ्या आजूबाजूची माणसे, वरिष्ठ, सहकारी याला मान देतात काय, आणि ते वापरण्यासाठी लागणारी बाकीची सामग्री हाताशी आहे काय? परदेशी विद्वानांनी सांगितले म्हणून ते खरे, असे नव्हे. आपल्या घरी नवा मिक्सर आल्यावर पाटा-वरवंटा माळ्यावर गेला की नाही, आणि गेला असेल तर केव्हा, हे पाहिले तरी हेच चार प्रश्न सापडतील.

पण नर्सबाईच्या बाबतीत पाचवा एक प्रश्न आहे, आणि माझ्या मते तो पहिल्या चारांहून भारी आहे. चुकले तर कोणाला धरणार?

एका आरोग्य केंद्रात मी गेलो होतो. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे ईसीजी यंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी खोक्यात आणि खोके कपाटात होते. कपाटाची किल्ली कारकुनाकडे, आणि कारकून त्या दिवशी रजेवर. नर्सबाई वयाने पन्नाशीच्या आसपास, कामाला वाघ. शेकडो बाळंतपणे त्यांनी केलेली. मी विचारले, “सिस्टर, यंत्र वापरीत नाही?” त्या म्हणाल्या, “सर, बाळंतपणात मला माहीत असते मी काय करते आहे. या पट्टीवर काय उमटले ते मला कळत नाही. ज्याचे मला कळत नाही त्यावर माझी सही कशी करू?” मला उत्तर सुचले नाही. हा अडाणीपणा नव्हे. ही जबाबदारीची जाणीव आहे, आणि ज्याच्या अंगी ती आहे अशाच माणसाच्या हाती आपण यंत्र द्यावे. फक्त त्यांना कोणी नीट सांगितले नव्हते की पट्टीचा अर्थ लावणे हे त्यांचे कामच नव्हे. त्यांचे काम पट्टी स्वच्छ काढण्याचे आणि ती पाठविण्याचे. अर्थ लावावयाचा तो पलीकडच्या डॉक्टरने, आणि त्या अर्थाखाली सही त्याची. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाचे नियम जाहीर केले. आरोग्य कर्मचाऱ्याने रोग्याच्या वतीने नोंदणीकृत डॉक्टरचा दूरून सल्ला घेणे त्यांत मान्य केलेले आहे, आणि वैद्यकीय निर्णयाची जबाबदारी त्या डॉक्टरवर ठेवलेली आहे. हा कागद दिल्लीत निघाला. पण खेड्यातल्या केंद्राच्या भिंतीवर तो सोप्या मराठीत लागला पाहिजे.

आता स्वच्छ पट्टी काढणे तरी सोपे आहे काय? छातीवरच्या सहा चकत्यांच्या जागा ठरलेल्या असतात. पहिल्या दोन चौथ्या बरगडीखालच्या फटीत, उरोस्थीच्या उजवीकडे आणि डावीकडे. चौथी त्याखालच्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली. बाकीच्या त्या मानाने. एक फट वर सरकली की आलेख बदलतो आणि नसलेला विकार दिसू लागतो. दोन हातांच्या तारांची अदलाबदल झाली तर पहिली रेघ उलटी होते. अनुभवी तज्ज्ञ ती पाहताच ‘सिस्टर, हाताच्या तारा तपासा’ म्हणून कळवितो, नवशिका घाबरतो. घामाने चकत्या सरकतात. जेली संपलेली असते, मग पाणी लावून भागवितात. थंडीने किंवा भीतीने रोगी कापत असेल तर रेघांवर गवत उगवते.

आणि छाती उघडी करावी लागते, ही साधी गोष्ट कोणी विचारात घेत नाही. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये लाएनेक या डॉक्टरापुढे एक तरुण स्त्री रोगी आली. तिच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना, म्हणून त्याने कागदाची सुरळी केली आणि तीतून आवाज ऐकला. त्यातून स्टेथॉस्कोप जन्मला. संकोचातून एका यंत्राचा जन्म झाला. पण त्याच संकोचापायी दुसरे यंत्र निरुपयोगी होऊ शकते. ज्या केंद्रात पडदा नाही आणि बाहेर बाकावर गाव बसलेला आहे, तेथे साठीची बाई पदर बाजूला करावयाची नाही, आणि नर्सबाईही तिला तसे म्हणावयाची नाही. मग चकत्या जमेल तेथे लागतात, आलेख गढूळ येतो, पलीकडचा डॉक्टर वैतागतो, आणि दोन-तीनदा असे झाले की यंत्र पुन्हा पिशवीत जाते. एक पडदा पाहिजे होता. तो यंत्राच्या खरेदीच्या यादीत नव्हता.

वैतागणाऱ्या डॉक्टरबद्दलही बोलले पाहिजे. नर्सबाईने पहिला आलेख पाठविला आणि उत्तर आले दुसऱ्या दिवशी. दुसरा पाठविला, उत्तर आले, “यासाठी मला कशाला उठविले?” तिसरा आलेख ती पाठवील काय? शंभरातले बहुतेक आलेख निर्धास्त करणारेच निघणार. छातीत दुखणे दर वेळी हृदयाचे नसते, पित्त हेही खरेच असते! पण निर्धास्त करणारा आलेख हे फुकट गेलेले काम आहे असे वरच्याला वाटले की खालचा माणूस संशयाच्या रोग्याचा आलेख काढणे सोडतो, आणि मग एक दिवस ज्याचा काढावयास हवा होता त्याचाही राहतो. पाच मिनिटांत येणारे सौम्य उत्तर हा या सगळ्या व्यवस्थेचा प्राण आहे. यंत्राच्या किमतीपेक्षा ते महाग आहे, कारण त्यासाठी रात्रंदिवस कोणीतरी जागे राहावे लागते.

मग उत्तर आले की पुढे काय? ‘मोठा झटका आहे, ताबडतोब हलवा’ असे उत्तर आले. आणि औषध नाही, गाडी दुसऱ्या गावी गेलेली आहे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिने पुष्कळ जीव वाचविले. पण किनाऱ्यावरचे अंतर अंतरच राहते. अशा वेळी नर्सबाईची अवस्था काय होत असेल? पूर्वी ती ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणू शकत होती. आता तिला माहीत आहे, नातेवाइकांना माहीत आहे, आणि हातात काहीच नाही. उपायावाचून मिळालेले ज्ञान हा माणसाला छळ वाटतो. मग ती यंत्र टाळू लागते. आपण तिला ‘नव्याला विरोध करणारी’ म्हणतो. मला वाटते, ती स्वतःला वाचवीत असते.

आशाताईंचे वेगळेच आहे. २००५ पासून ही योजना चालली आहे, सुमारे हजार वस्तीमागे एक आशा. तिशीपुढच्या माणसांची रक्तदाब-मधुमेहासाठी चाळणी करावयाची, घरोघर फॉर्म भरावयाचे, गरोदर बायांवर लक्ष ठेवावयाचे, लसीकरणाला मुले आणावयाची. आणि मोबदल्याचा काही भाग कामागणिक. तिच्या हाती आणखी एक यंत्र आणि आणखी एक नोंदवही दिली, आणि तीच माहिती पुन्हा फोनवर भरावयास सांगितली, तर ती हसून ‘बरे’ म्हणेल. करील की नाही हा प्रश्न निराळा.

या सगळ्यावर तोडगा निघतो का? निघतो, आणि त्याचे उदाहरण दूर शोधावयास नको. नोव्हेंबर २०१७ मध्ये देशातील पाच राज्यांच्या काही जिल्ह्यांत उच्च रक्तदाबाच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातून चार जिल्हे निवडले: भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग. त्याची रचना पाहा. औषधांचा क्रम सर्वांसाठी एकच आणि साधा; आधी ही गोळी, महिन्याने दाब उतरला नाही तर ती. गोळ्यांचा साठा केंद्रात असलाच पाहिजे, हा आग्रह. महिन्याच्या गोळ्या एकदम द्यावयाच्या, आणि शक्य तेथे घराजवळच्या उपकेंद्रातून. दाब मोजावयाचा, नोंद ठेवावयाची, न आलेल्या रोग्याला बोलावून घ्यावयाचे, हे काम नर्सबाईंचे. आरंभी कागदी कार्ड होते. पुढे फोनवरचे ॲप आले, तेही असे की काही सेकंदांत नोंद उरकावी. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. येथे दाब मोजणारे यंत्र कोणी नाकारले नाही. का? कारण मोजल्यानंतर देण्यास गोळी होती. ‘मावशे, दाब वाढला आहे’ म्हणताना नर्सबाईच्या हातात पाकीट होते.

याच्या उलट अनुभव आंध्रमध्ये आला. पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील ५४ गावांत आशांना संगणकी पाट्या दिल्या, त्यावर हृदयविकाराचा धोका मोजावयास शिकविले. आशांनी ते उत्तम केले. धोका असलेली माणसे हुडकली, डॉक्टरकडे धाडली, माणसे गेलीही. पण २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा रक्तदाब आटोक्यात येण्याच्या बाबतीत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. हुडकणे आणि बरे करणे यांच्यामध्ये जी वाट आहे ती आशा एकटी चालू शकत नाही. हा अभ्यास मला यशस्वी अभ्यासांहून मोलाचा वाटतो. अपयश प्रसिद्ध करावयास प्रामाणिकपणा लागतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हल्ली शिबिरे होतात आणि धडधाकट माणसे रांग लावून कार्डिओग्राम काढून घेतात. पट्टी चांगली आली की पेढे वाटावेत असा आनंद! परंतु काही त्रास नसलेल्या, धोका कमी असलेल्या माणसाचा विश्रांतीतला आलेख त्याच्या भविष्याबद्दल फारसे सांगत नाही. चांगला आलेख म्हणजे रोहिण्या स्वच्छ, असे नव्हे. आणि किंचित वाकडी रेघ म्हणजे रोग, असेही नव्हे. अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने २०१८ मध्ये अशा माणसांची सरसकट चाळणी करू नये असेच सुचविले. नाहक भीती, नाहक पुढच्या तपासण्या, नाहक खर्च. एवढेच काय, खरा झटका येत असतानासुद्धा पहिला आलेख कधी कधी साधा येतो. म्हणून दुखणे चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढतात. नाडी अनियमित लागणारा म्हातारा, चालताना छाती भरून येणारा, मधुमेही, घाम फुटून दम लागलेली बाई, अशांचा आलेख मात्र राहता कामा नये. बायकांना आणि मधुमेह्यांना पुष्कळदा छातीत कळ येतच नाही. नुसती मळमळ, दम, जबड्यात किंवा पाठीत दुखणे, एवढेच. म्हणून कोणाचा काढावयाचा हे नर्सबाईला शिकविणे हे कसा काढावयाचा हे शिकविण्याइतकेच महत्त्वाचे. आणि तेथे तिचा अनुभव यंत्राच्या पुढे असतो. कोण नेहमीचे कण्हते आणि कोणाचा चेहरा आज निराळा दिसतो, हे गावात पंधरा वर्षे काढलेल्या बाईला जितके कळते तितके कोणत्याही तज्ज्ञाला फोनवरून कळावयाचे नाही.

म्हणून शिकवणी कशी असावी याबद्दल माझे मत सांगतो. जिल्ह्याच्या ठिकाणी सभागृहात दोनशे जणींना बसवून पडद्यावर चित्रे दाखविण्याने फारसे साधत नाही. जेवण चांगले असते, एवढे खरे. जी नर्सबाई यंत्र रोज वापरते तिला शेजारच्या केंद्रात दोन दिवस पाठवावे. एकीने दुसरीच्या हाताला धरून चौथी फट बोटाने शोधावयास शिकवावे. आणि पलीकडे आलेख वाचणारा जो डॉक्टर आहे त्याने वर्षातून एकदा तरी त्या केंद्रात येऊन बसावे, तेथला चहा प्यावा. आवाजामागे चेहरा असला म्हणजे रात्री फोन करताना संकोच वाटत नाही. आणि फोन उचलणाऱ्यालाही समोर पडदा नसलेली ती खोली आठवते.

गोव्याचा उल्लेख मघाशी केला. आपला जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीवर विसंबून आहे. २०१८ च्या आरंभी तेथे गोव्याबाहेरील रोग्यांना शुल्क लागू झाले तेव्हा दोडामार्गात आंदोलन उभे राहिले, ते त्यापायीच. आता ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. दूरचा डॉक्टर आता जिल्ह्यातलाच असू शकेल, ही नवी शक्यता आहे. ज्या मुलामुलींना तेथे शिकावयाचे आहे त्यांना आलेख वाचण्याइतकेच आलेख पाठविणाऱ्या बाईशी बोलावयासही शिकविले तर बरे होईल.

पावसाळ्याचा एक प्रश्न राहिलाच. वादळात मोबाईलचा मनोरा बंद पडतो, वीज दोन-दोन दिवस जाते. त्या वेळी यंत्रातली बॅटरी भरलेली असावी, कागदाचे रीळ कोरडे असावे, आणि आलेख जात नसेल तर मनोरा लागेल तिथवर जाऊन फोनवरून रेघांचे तोंडी वर्णन करता येईल, इतपत तालीम नर्सबाईंना असावी. कित्येकींना ती जमते. आम्ही विचारीत नाही, म्हणून त्या सांगत नाहीत.

आता शेवटचे. आपण शहरातली, बाजारपेठेतली माणसे. आरोग्य केंद्रात आपण क्वचितच जातो. परंतु आपली आई, मावशी, जुनी शेजारीण कोणत्या ना कोणत्या केंद्राच्या हद्दीत राहते. मसुरे असेल, आचरे असेल, चौके असेल. पुढल्या वेळी गावी जाल तेव्हा वाटेत तेथे पाच मिनिटे थांबा. यंत्र आहे का, असे विचारू नका. आहे म्हणूनच सांगतील. यंत्राच्या कपाटाची किल्ली रात्री कोणाजवळ असते, एवढे विचारा.